मुलीला विशेष शाळेत घालू का? इंग्लंडातल्या जुन्या शाळांबद्दल मेव्हणा सांगतो ते कितपत खरं?

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. खाली चार माग आहेत, वर आम्ही राहतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे, मराठी माध्यमात दुसरीत. तिला अजून वाचता येत नाही. फळ्यावरचं बघून वहीत नीट उतरवते, पण काय लिहिलंय विचारलं की गप्प. वर्गात हाक मारली तरी बघत नाही, अशी शाळेची तक्रार आहे. मागच्या महिन्यात शाळेत तपासणीला कुणीतरी आले होते. तिला वेगळ्या खोलीत बसवून थोडे प्रश्न विचारले आणि एक कागद हातात दिला. त्यावर ‘सौम्य मतिमंदत्व’ असं लिहिलंय. मुख्याध्यापक म्हणतात, विशेष शाळेत घाला, तिच्याच भल्याचं आहे.

घरी हीच मुलगी आजीजवळ बसून टॉवेल मोजते. डझनाचा गठ्ठा कधी चुकत नाही. कुठल्या पार्टीचा माल कुठल्या काठाचा, हे मला आठवत नसलं तरी तिला आठवतं.

माझा मेव्हणा बर्मिंगहॅमला असतो. त्याला फोन केला तर तो एकदम उखडला. त्याच्या शेजारी एक वयस्कर गोऱ्या बाई राहतात. लहानपणी त्यांना दमा होता म्हणून १९५० च्या सुमारास त्यांना अशाच वेगळ्या शाळेत ठेवलं होतं, घरापासून लांब. आईवडील महिन्यातून एकदा भेटायचे. थंडीतसुद्धा उघड्यावर खाटा टाकून झोपवायचे म्हणे. मेव्हणा म्हणतो, इंग्लंडने त्या शाळा केव्हाच बंद केल्या आणि तुम्ही आता पोरीला तिथे घालायला निघालात. बायकोने हे ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. या शाळा नक्की काय होत्या, कुणाला माहीत आहे का? आणि आम्ही काय करावं?

जुळेसोलापूरची_आई

दादा, अजिबात घालू नका. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तो साध्याच शाळेत जातो. पहिली दोन वर्षं फार जड गेली, तीन शाळांनी ‘जागा नाही’ सांगून परत पाठवलं. आता चौथीत आहे, मित्र आहेत, डबा वाटून खातो. एकदा वेगळ्या शाळेत गेलं की मूल वेगळंच राहतं. कायदा तुमच्या बाजूने आहे. शाळेला घाबरू नका.

निवृत्त_बाई

दादा, मी सोलापुरातच मतिमंद मुलांच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या पदविकेला ब्रिटनच्या विशेष शिक्षणाचा इतिहास होता, कारण आपल्याकडची बरीचशी पद्धत तिकडूनच आली. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. पुढे वर्गात मुलं समोर बसायला लागली तेव्हा त्यातलं एकेक उमगत गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, दोघंही निवांत वाचा.

तुमच्या मेव्हण्याच्या शेजारीणबाई सांगतात ते खरं आहे. त्या शाळांना तिकडे खुल्या हवेच्या शाळा म्हणत. पहिली जर्मनीत, बर्लिनजवळ शार्लोटेनबर्गला १९०४ साली निघाली आणि १९०७ मध्ये लंडनला बोस्टल वुडच्या झाडीत तशीच एक सुरू झाली. शहरं कोळशाच्या धुराने भरलेली, घरं कोंदट, क्षयाचा धाक घरोघरी. फिकट, हाडकुळी, सतत खोकणारी मुलं तिथे नेत. वर्गाला एका बाजूला भिंतच नसे. सकाळी गेल्या गेल्या खायला मिळे, कॉडलिव्हर तेलाचा चमचा मिळे, दुपारी जेवण झालं की सगळ्यांनी खाटांवर पांघरुणं घेऊन पडायचं, झोप येवो न येवो. मुलांचं वजन करून नोंद ठेवत आणि ते वाढायचंही. पोटभर अन्न आणि विश्रांती मिळाल्यावर वाढणारच. पुढे १९४८ साली तिकडे सरकारी आरोग्यसेवा आली, क्षयावर औषधं आली, लस आली, १९५६ मध्ये धुराविरुद्ध कायदा झाला. या शाळांची मूळ गरज ओसरत गेली, तरी खाटा होत्या, इमारती होत्या, म्हणून दम्याची मुलं तिथे जात राहिली. शेजारीणबाई त्यातल्याच असणार. त्यांच्या बुद्धीला काही झालेलं नव्हतं, छाती कमजोर होती, एवढंच. तरी घर सुटलं.

आता कायद्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. युद्ध अजून चालू असताना, १९४४ साली, ब्रिटनने शिक्षणाचा मोठा कायदा केला. शिक्षणमंत्री होते बटलर. त्यात प्रत्येक स्थानिक शिक्षण मंडळावर एक जबाबदारी टाकली: आपल्या भागातली शरीराने किंवा मनाने अडचण असलेली मुलं स्वतःहून शोधून काढायची, अगदी दोन वर्षांच्या वयापासून, आणि त्यांच्या शिक्षणाची सोय करायची. हेतू चांगलाच होता, हे मी मनापासून म्हणते. तोवर कितीतरी मुलं घरातच बसून होती. पण मूल शोधायचं कुणी? शाळेच्या डॉक्टराने. तपासणीला मुलाला आणलं नाही तर आईबापांना दंड. डॉक्टर मुलाला तपासणार आणि ते कुठल्या गटातलं ते ठरवणार.

१९४५ च्या नियमांत असे ११ गट होते. आम्ही ते पाठ केले होते, अजून आठवतात. अंध, अंशतः अंध, बहिरे, अंशतः बहिरे, नाजूक प्रकृतीचे, मधुमेही, शिक्षणात मागासलेले, फेफरे येणारे, वागणूक बिघडलेले, शरीराने अपंग आणि वाचादोष असलेले. १९५३ मध्ये मधुमेही मुलं नाजूक प्रकृतीच्या गटात घातली, मग १० राहिले. मूल कुठल्या गटात पडलं त्यावर त्याची शाळा ठरे, बस ठरे, रात्री झोपायची खाटही ठरे. एकाच मुलाला कमी ऐकू येत असेल आणि फेफरंही येत असेल, तर त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं यावरच वेळ जायचा.

त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की, जमेल तिथे, फारशी अडचण नसलेल्या मुलांना साध्या शाळेतच शिकवावं. मग इतकी मुलं बाहेर का गेली? युद्धात शाळा पडल्या होत्या, शिक्षक कमी, एकेका वर्गात चाळीस चाळीस मुलं. अशा वर्गात मागे पडणाऱ्या मुलाकडे कोण बघणार? दुसरीकडे खेड्यापाड्यांतले श्रीमंतांचे प्रचंड वाडे रिकामे पडत होते, मालकांना ते सांभाळणं परवडेना. नवीन बांधायला सामान मिळत नव्हतं. मग शिक्षण मंडळांनी ते वाडे घेतले आणि निवासी विशेष शाळा काढल्या. बाग सुंदर, झाडी दाट, आणि मुलाचं घर शंभर मैलांवर. मुलांना घरापासून तोडायचं असं कुणी एका बैठकीत ठरवलं नव्हतं. इमारत जिथे मिळाली तिथे मुलं गेली.

या ११ गटांच्याही खाली एक वर्ग होता. ढोबळ मानाने ज्यांचा बुद्ध्यंक ५० च्या खाली भरला, त्यांच्याबद्दल लिहून द्यायचे की हे मूल शिकण्यायोग्य नाही. मग त्या मुलाचं नाव शिक्षण खात्यातूनच निघायचं आणि आरोग्य खात्याकडे जायचं. त्यांच्यासाठी दिवसाची केंद्रं होती, नाहीतर मोठमोठी रुग्णालयं, जिथे काहींचं सगळं आयुष्य गेलं. आईबापांना ते पत्र टपालाने यायचं. मी शिक्षिका आहे, पण हा भाग वाचताना अजूनही हात थांबतो. जूडी फ्रायड नावाच्या एका आईने १९४६ साली मुलांच्या संगोपनावरच्या एका मासिकात पत्र लिहिलं. तिच्या मुलीला शाळेत जागा नव्हती. देशभरच्या आयांची उत्तरं आली आणि त्यातून पालकांची संघटना उभी राहिली, तीच आजची मेन्कॅप. तरी कायदा बदलायला १९७० साल उजाडलं आणि एप्रिल १९७१ पासून तिथे प्रत्येक मूल शिक्षण खात्याचं झालं.

गंमत बघा, ज्या १९४४ मध्ये तिकडे कायदा झाला, त्याच वर्षी मुंबईत जय वकील आणि त्यांच्या यजमानांनी आपल्या दीना या मुलीसाठी शाळा सुरू केली. डाऊन सिंड्रोम असलेल्या त्या मुलीला कुठे प्रवेश मिळत नव्हता. ती शाळा आजही चालू आहे. म्हणजे विशेष शाळा म्हणजे मुलांना टाकून द्यायची जागा, असं सरसकट धरू नका. जुळे सोलापूरच्या ताई, तुमचा राग मला समजतो, तीन शाळांनी परत पाठवल्यावर कुणालाही येईल. पण माझ्या वर्गात अशी मुलं आली आहेत जी साध्या शाळेत मागच्या बाकावर चार चार वर्षं नुसती बसून होती. एका मुलाला अकराव्या वर्षीही शर्टाची बटणं लावता येत नव्हती. आम्ही आधी मोठी बटणं शिवलेल्या कापडाच्या पट्टीवर सराव घेतला, मग बाहुलीच्या अंगरख्यावर, मग त्याच्या मांडीवर ठेवलेल्या शर्टावर, आणि शेवटी अंगातल्या शर्टावर. वरचं बटण शेवटी, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. साठ मुलांच्या वर्गात हे कोण करणार होतं?

इंग्लंडातही चांगलं काही घडलंच नाही असं नाही. कर्णबधिर मुलांसाठी १९४६ मध्ये मेरी हेअर नावाची माध्यमिक शाळा परीक्षा घेऊन मुलं घेऊ लागली. बहिऱ्या मुलाला वरच्या दर्जाचं शिक्षण झेपेल हे तोवर फार थोड्यांनी गंभीरपणे धरलं होतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हातापायांवर नीट ताबा नसलेल्या मुलांसाठी टनब्रिजला १९५५ मध्ये माध्यमिक शाळा निघाली. तिथून शिकलेल्यांनी पुढे अपंगांच्या हक्कांसाठी मोठं काम केलं.

आणि मेव्हण्याला एवढं सांगा की सगळ्या विशेष शाळा बंद झालेल्या नाहीत. १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अहवाल दिला, १९८१ च्या कायद्याने ते जुने गट काढून टाकले आणि मुलाला नक्की कसली मदत हवी ते लिहायची पद्धत आणली. पण आजही इंग्लंडात हजाराच्या वर विशेष शाळा आहेत.

आता तुमच्या मुलीबद्दल. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. १९६० च्या दशकात लंडनला कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुलं ‘शिक्षणात मागासलेली’ ठरवून विशेष शाळांत जाऊ लागली, आणि ती त्यांच्या संख्येच्या मानाने फारच जास्त होती. ग्रेनाडाहून आलेले बर्नार्ड कोअर्ड अशा शाळांत शिकवत होते. त्यांनी १९७१ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून हे चव्हाट्यावर आणलं. त्यांचं म्हणणं असं की चाचणी गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या भाषेत आणि त्यांच्या अनुभवावर बेतलेली, घेणारा परका, नव्या देशात आलेलं मूल बावरलेलं. ते गप्प बसलं की ते मंद ठरलं. आणि एकदा गेलेलं मूल साध्या शाळेत परत येणं फार दुर्मीळ होतं, कारण पुन्हा तपासायची कुणाला गरजच वाटत नव्हती. कोअर्ड यांनी पालकांना सांगितलं, विचारा, भांडा. त्या वस्त्यांमध्ये लोकांनी शनिवारच्या शाळा काढल्या आणि मुलांना स्वतः शिकवलं.

दादा, तुमच्या घरात तेलुगू आहे. मला तीन गोष्टी सांगा. चाचणी कुठल्या भाषेत झाली? तपासायला आलेली व्यक्ती कोण होती, मानसशास्त्रज्ञ की आणखी कुणी? आणि मुलीचे कान कधी तपासले आहेत का?

टॉवेलवाला_पूर्वभाग

बाई, तुमचं लिहिणं आम्ही दोघांनी वाचलं, आईला तेलुगूत सांगितलं. चाचणी मराठीत झाली. तिला मराठी कळतं, पण बोलताना अडखळते. कोण आले होते ते शाळेने सांगितलं नाही, कागदावर सही आहे, शिक्का नाही. पाऊण तासात चौघांना तपासलं असं तिचा वर्गमित्र सांगत होता. कान कधी तपासले नाहीत. लहानपणी कान फुटायचा, पावसाळ्यात तर दरवर्षी. कोमट तेल घालायचो. मागांच्या आवाजात आम्ही सगळेच मोठ्याने बोलतो, त्यामुळे तिला कमी ऐकू येतंय असं कधी वाटलंच नाही.

सातरस्ता_७५

मी स्वतः कर्णबधिर आहे, जन्मापासून. लहानपणी एका निवासी शाळेत होतो, नाव घेत नाही. तिथे हातांनी बोललं की पट्टी बसायची. दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचं आणि बाईंच्या ओठांकडे बघायचं. ‘प’ म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे. माझा कागद हलायचा, पण मी काय म्हटलं ते मला कधीच कळलं नाही. निवृत्त बाईंनी ब्रिटनचं लिहिलं म्हणून सांगतो, ही रीत आपली नव्हे. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे ठरवलं की खुणांनी नको, बोलूनच शिकवायचं. ठरवणाऱ्यांत जवळपास सगळे ऐकू येणारेच होते. ब्रिटनच्या शाळांत पुढची कित्येक दशकं तेच चाललं आणि तिथून ते जगभर गेलं, आमच्या वसतिगृहापर्यंत.

पण याच शाळेबद्दल दुसरंही सांगायचं आहे. दिवे गेल्यावर खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड यायचा तेवढ्यात आम्ही पोरं हातांनी बोलायचो. मी जन्माला आल्यापासून पहिल्यांदा कुणाशी तरी पोटभर बोललो ते तिथे. घरी सगळे माझ्यावर प्रेम करायचे, पण जेवताना काय हसताहेत ते मला कोणी सांगायचं नाही. आजही माझे जवळचे मित्र त्याच शाळेतले आहेत, बायकोही त्याच ओळखीतून मिळाली. त्यामुळे वेगळी शाळा वाईटच, असं जुळे सोलापूरच्या ताई म्हणतात ते मला पटत नाही. जिथे मुलीशी तिला कळेल असं कोणी बोलतं ती जागा बघा.

आणि दादा, तुम्ही कान फुटण्याचं लिहिलंय, ते वाचून मी मुद्दाम उत्तर द्यायला बसलो. उद्याच कान दाखवा.

जुळेसोलापूरची_आई

सातरस्ता दादा, तुमचं वाचून गप्प झाले. मी माझ्या मुलाच्या अनुभवावरून बोलले, सगळ्यांसाठी तेच बरोबर असं म्हणायला नको होतं. टॉवेलवाले दादा, कान तपासायचं मलाही पटतं. आमच्याही निदानाची सुरुवात कानाच्या तपासणीनेच झाली होती, डॉक्टर आधी तेच करायला सांगतात.

निवृत्त_बाई

सातरस्ता दादा, तुमच्यासारखं आतून सांगणारं माणूस आमच्या प्रशिक्षणात एकदाही बोलायला आलं नाही. यायला हवं होतं.

टॉवेलवाले दादा, आता घाई कशाची करायची आणि कशाची नाही ते सांगते. कान आधी. सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात जा, पडद्याची तपासणी आणि ऑडिओमेट्री दोन्ही करून घ्या. ऑडिओमेट्रीत हेडफोन लावून बारीक मोठे आवाज ऐकवतात, आवाज आला की मुलीने बटण दाबायचं किंवा हात वर करायचा. तिला घरी तेलुगूत आधी समजावून सांगा म्हणजे घाबरणार नाही. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांना पडद्याला भोक पडून किंवा आत पाणी साठून कमी ऐकू येतं, आणि ते कधी जास्त, कधी कमी असतं. त्यामुळेच मोठ्यांच्या लक्षात येत नाही. खाली चार माग खटखटत असताना तुम्ही सगळे मोठ्याने आणि समोर येऊन बोलता, म्हणून घरी तिचं भागतं. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेव्हा तिला फळ्यावरचं तेवढं दिसतं. ती अक्षरं बघून बरोबर उतरवते पण वाचत नाही, हाक मारली तर बघत नाही, हे मला कानाकडे बोट दाखवणारं वाटतं. मी डॉक्टर नाही, पण कानाच्या त्रासामुळे मागे पडलेली मुलं मतिमंद म्हणून आमच्या दाराशी आलेली मी पाहिली आहेत. आणि कानात तेल घालणं आजपासून बंद. पडदा फुटलेला असेल तर ते आत जातं.

बुद्धीची चाचणी त्यानंतर, आणि ती पाऊण तासात चौघांची होत नाही. आपल्याकडे बिने-कामत चाचणी बरीच वापरतात. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती, तेलुगूसाठी नव्हे. म्हणून सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा मान्यताप्राप्त चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे गेलात की आधीच सांगा, घरची भाषा तेलुगू आहे, शब्दांशिवायच्या चाचण्याही घ्या. त्यात एक लाकडी फळी असते, तिच्यात चांदणी, गोल, चौकोन अशा दहा आकारांची भोकं असतात. मुलाने ठोकळे त्यांच्या त्यांच्या जागी बसवायचे, तेही घड्याळ लावून. भाषा लागत नाही, हात आणि डोळे लागतात. त्याशिवाय घरच्यांना विचारून भरायची एक प्रश्नावली असते: स्वतः आंघोळ करते का, केस विंचरते का, दुकानातून सामान आणते का, उरलेले पैसे नीट आणते का. तिथे आजीला बरोबर न्या, तुमच्यापेक्षा त्या जास्त सांगतील. डझनाच्या गठ्ठ्याचं जरूर सांगा. पार्ट्यांचे काठ लक्षात ठेवते तेही सांगा. लिहून घ्यायला लावा.

शाळेत आलेल्या त्या कागदाला तसा काही अर्थ नाही. शिक्का नाही, पद नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारने नेमलेले डॉक्टरच देतात आणि त्याचं ओळखपत्र आता ऑनलाइन निघतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, वाचन-लेखनातली विशिष्ट अडचणही त्यात आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि निवड त्या मुलाची. हे शब्द मुख्याध्यापकांना शांतपणे वाचून दाखवा.

समजा, सगळ्या तपासण्यांनंतरही विशेष शाळाच बरी असं निघालं, तर तिथे जाऊन एक अख्खा दिवस बसा. ‘सोयी काय काय आहेत’ हे सगळे विचारतात, तुम्ही वेगळं विचारा. माझी मुलगी पुन्हा कधी तपासणार आणि कोण तपासणार? यंदा ती काय शिकणार, ते लिहून देणार का? या शाळेतून साध्या शाळेत परत गेलेलं एखादं मूल आहे का, त्याच्या आईशी बोलायला मिळेल का? ब्रिटनच्या त्या वाड्यांत चांगल्या शिक्षिका नव्हत्या असं नाही, भरपूर होत्या. पण डॉक्टरने सातव्या वर्षी लिहिलेला शेरा चौदाव्या वर्षीही तसाच फाईलला लावलेला असायचा. मूल वाढलं, शेरा वाढला नाही. पुन्हा तपासण्याची तारीख जी शाळा आपणहून सांगते, तिथे मुलीला पाठवायला मला भीती वाटणार नाही.

टॉवेलवाला_पूर्वभाग

बाई, सोमवारी आमच्याकडे मागांना सुट्टी नसते, पण बंद ठेवतो नि जातो. आई, मी आणि मुलगी. बायको म्हणते तीही येणार. मेव्हण्यालाही तुमचं सगळं पाठवलं, तो म्हणाला शेजारीणबाईंना वाचून दाखवतो. त्यांना अजून त्या खाटा आठवतात म्हणे.

एक शेवटचं विचारतो. मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांत निर्णय कळवा म्हटलंय. तपासण्यांना त्यापेक्षा जास्त वेळ लागला तर ते तिचं नाव कमी करतील का?

निवृत्त_बाई

करू शकत नाहीत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवी पुरी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुम्ही आजच एक साधा अर्ज लिहा: मुलीच्या कानाची आणि बुद्धीची सरकारी रुग्णालयात तपासणी चालू आहे, अहवाल आल्यावर कळवू, तोवर तिला वर्गात पुढच्या बाकावर बसवावं आणि सूचना तिच्याकडे तोंड करून द्याव्यात. दोन प्रती काढा, एक शाळेत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सिव्हिलला सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेला वेळ लागतो. शाळेने दिलेला तो कागद पिशवीत असू द्या, पण डॉक्टरांनी मागितल्याशिवाय पुढे करू नका. त्यांनी आधी मुलीकडे बघू दे.